निळा ठिपका

गोल्फ खेळताना बाबांनी सहा नंबरचा क्लब समजून नऊ नंबर काढला, आणि नंबर जितका मोठा तितका बॉल जवळ पडतो, त्यामुळे तो ग्रीनच्या, म्हणजे झेंडा आणि भोक असलेल्या हिरवळीच्या, बराच अलीकडे पडला, एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जानेवारीत डाव्याचं, दोन्हीकडे दूरच्या नजरेची लेन्स बसवली. त्यामुळे आता दीडशे यार्डांवरचा झेंडा त्यांना चष्म्याशिवाय दिसतो, वाऱ्याने तो कोणत्या बाजूला फडफडून राहिला तेही दिसतं, पण हातातल्या क्लबच्या तळाशी काय लिहिलंय ते दिसत नाही. जवळचा चष्मा खिशात असतो, पण क्लब काढताना कोण चष्मा लावतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर साहेबाने मागायच्या आधी बरोबर क्लब काढून हातात दिला त्याला तर हे फारच लागलं. घरी आले, बॅग दाराआड उभी केली, चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "नंबर बुजले वं सगळे."

मी एकेक क्लब उचलून पाहिला. खरंच बुजले होते. आकडे खोल होते, बोट फिरवलं की लागत होते, पण आतला रंग कधीच उडून गेलेला आणि खाचेत माती बसलेली, ती माती आणि वर्षानुवर्षं घासलेलं स्टील दोन्ही एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. लांबीवरून फरक कळतो म्हणा, पण शेजारच्या नंबरांच्या दोन आयर्नमध्ये, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबांमध्ये, साधारण अर्ध्या इंचाचा फरक असतो, आणि इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ दिसतो. म्हटलं, यात रंग भरून देते. मी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे, ऍसिटोन काय चीज आहे ते मला माहीत आहे, आणि नेलपॉलिशच्या सात-आठ बाटल्या घरात पडलेल्याच होत्या. एका रविवारचं काम वाटलं होतं. मे महिना संपेपर्यंत चाललं.

आधी बाबांबद्दल सांगते, कारण त्याशिवाय या क्लबांचं काही कळणार नाही. बाबा कॅडी होते, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्या साहेबांची क्लबची बॅग उचलणारे. १९६९ साली, बारा वर्षांचे असताना, वस्तीतल्या एका मोठ्या पोराच्या मागे मागे ते शहरातल्या एका गोल्फ कोर्सवर गेले, आणि पहिल्या दिवशी बॅगेचा बुड जमिनीला घासत होता म्हणून मुकादमाने पट्ट्याला दोन गाठी मारून दिल्या असं ते सांगतात. शाळा सातवीत सुटली. गोल्फ त्यांना कोणी शिकवलं नाही, कॅडीला कोणी शिकवतच नाही, तो पाहतो. कोणाचा खांदा आधी उघडतो, कोणाचा हात घाबरतो, कोणाला सात नंबर सांगितला तरी आठ द्यावा लागतो, हे सगळं बॅग उचलून चालता चालता डोक्यात बसतं. सोमवारी कोर्स बंद असायचा आणि त्या दिवशी कॅडींना खेळू द्यायचे, तेव्हा एका जुन्या पाच नंबरवर चार-पाच जणं पाळीपाळीने खेळायची, पहिल्या फटक्यापासून बॉल भोकात जाईपर्यंत तोच एक क्लब.

१९९१ मध्ये अली शेरने इंडियन ओपन जिंकली. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला माणूस, आणि ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. आमच्या नागपूरच्या गिट्टीखदानमधल्या दोन खोल्यांच्या घरात देवघराच्या बाजूला पेपरचं कात्रण कणकेच्या खळीने चिकटवलं होतं, मी तेव्हा शाळेत होते, मला वाटायचं हा आपल्या नात्यातला कोणी असेल. १९९३ मध्ये त्याने तीच स्पर्धा परत जिंकली. आणि त्याच वर्षी बाबांच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपला आयर्नचा सेट बाबांना देऊन टाकला. तीन ते नऊ नंबर, एक डब्लू, म्हणजे जवळून उंच मारायचा वेज, आणि एक एस, म्हणजे वाळूतून काढायचा सँड वेज. नऊ क्लब. सायकलच्या दांड्याला बॅग बांधून बाबा घरी आले तो दिवस मला नीट आठवतो, आईने उंबऱ्यावरच थांबवलं आणि तांब्यातलं पाणी उतरवून टाकलं, बॅगेवरून, जसं नव्या माणसावरून टाकतात तसं.

सेट पिंगचा. पिंग आय टू, १९८२ साली निघालेलं मॉडेल, साहेबांनी बाहेरून आणलेलं. ही कंपनी सुरू करणारा कार्स्टन सोल्हाइम, नॉर्वेत जन्मलेला इंजिनियर, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता त्याने १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये एक पटर, म्हणजे बॉल भोकाकडे सरकवायचा क्लब, बनवला, बॉलला लागला की त्याचा 'पिंग' असा आवाज यायचा, तेच नाव पडलं. हे मला बाबांनी सांगितलं, आणि त्यांना साहेबांनी. आय टू चं हेड, म्हणजे बॉलला लागणारा खालचा भाग, ओतीव असतं. आधी मेणाचं हेड करतात, त्याच्यावर चिनी मातीसारखं कवच चढवतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत स्टील ओततात. म्हणजे जो आकडा मी टूथपिकने टोकरत बसले होते तो कोणी कोरलेला नव्हता, तो आधी मेणात होता आणि मग स्टीलमध्ये आला. घडीव आयर्नवर नंबर ठोकून उमटवतात, तिथे खाचेच्या कडा वेगळ्या लागतात. ओतीव खाच कडेला किंचित गोल असते, तळाला सपाट, रंग धरायला ती फार चांगली. आणि आय टू ला क्रोमचा मुलामा नसतो, सरळ स्टेनलेस स्टील, त्यामुळे ऍसिटोनने पुसताना मनात भीती नाही. ज्या क्लबला वरून काळा रंग किंवा लाखेचा थर आहे, ग्राफाइटची दांडी आहे, दांडी जिथे हेडमध्ये शिरते तिथे काळी प्लास्टिकची कडी आहे, तिथे मात्र ऍसिटोन थेंबभरही भलतीकडे जाऊ देऊ नये, कडी तर पाहता पाहता मऊ पडते.

जुना रंग आणि मळ काढणं हेच अर्धं काम. टूथपिक दोन अक्षरांत मऊ पडते. बाबांनी अंगणातून बाभळीचे काटे आणून दिले, म्हणाले आम्ही क्लबच्या फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, रेघा यानेच साफ करायचो. आणि खरंच, बाभळीचा वाळलेला काटा स्टीलला ओरखडा पाडत नाही, वाकत नाही, आणि टोक झिजलं की दुसरा. मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि शेवटी ऍसिटोनचा कापूस, म्हणजे हाताचं तेलही निघून जातं, कारण तेलावर रंग धरत नाही. फेसवरच्या रेघांमध्ये मात्र चुकूनही रंग भरायचा नाही. त्या रेघा बॉलला पकडायला आहेत, ओल्या गवताचं पाणी तिथून निघून जातं, रंगाने त्या बुजवल्या की बॉल फेसवरून घसरतो. हौसेने त्याही रंगवणारे लोक मी पाहिले आहेत, मला ते अजिबात पटत नाही.

रंग भरणं मला सोपं वाटलं होतं. एका सुईच्या टोकावर थेंब घ्यायचा, खाचेत टेकवायचा, तो आपोआप धावत जातो, आकड्याच्या वळणावरून स्वतःच वळतो, ते पाहायला इतकं छान वाटतं की मी पहिल्या दिवशी तीन नंबर दोनदा पुसून दोनदा भरला. थोडा जास्तच भरायचा, वर फुगवटा येईल असा, कारण नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं, सॉल्व्हंट उडालं की रंग खाली बसतो. वाळलं की बाहेर आलेलं पुसायचं. आणि इथे सगळे चुकतात, मीही चुकले. कापूस किंवा सैल फडकं ऍसिटोनमध्ये बुडवून पुसलं की ते खाचेत शिरतं आणि भरलेला रंग ओढून बाहेर काढतं. फडकं एखाद्या जुन्या एटीएम कार्डावर ताणून घट्ट गुंडाळायचं, ऍसिटोन नुसतं लागल्यासारखं करायचं, आणि पृष्ठभागावरून एकाच दिशेने सपाट न्यायचं. चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी फडक्याची नवी जागा.

मग दुसरी अडचण. एप्रिलमध्ये आमच्याकडे कूलर सुरू झाले. मी कूलरसमोर वर्तमानपत्र अंथरून बसले आणि काळी नेलपॉलिश भरली तर ती वाळल्यावर दुधाळ झाली, जशी काचेवर वाफ बसते तशी. बाटली खराब म्हणून दुसरी घेतली, तीही तशीच. मग डोक्यात प्रकाश पडला, सॉल्व्हंट भराभर उडतं तेव्हा तो थर थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं, फर्निचरवर लाखेचं पॉलिश करणारे पावसाळ्यात याच गोष्टीला वैतागतात, आणि माझ्यासमोर तर अख्खी वाळ्याची ओली ताटी होती. कूलर बंद करून दुपारी बसावं तर बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, रंग सुईवरच वाळतो. आणि ऍसिटोन छप्पन डिग्रीला उकळतं, त्याची वाफ उणे वीसलाही पेट घेऊ शकते, मी लॅबमध्ये पोरांना हे दरवर्षी सांगते, म्हणून स्वयंपाकघराच्या आसपास तर बसायचंच नाही. शेवटी सकाळी साडेपाच ते सात, समोरच्या ओट्यावर, हीच वेळ ठरली. त्या वेळी बाबाही उठलेले असतात.

तर असंच एका सकाळी मी सगळ्यात आधी घेतलेला तीन नंबर त्यांच्या हातात दिला, पाहा म्हटलं कसा झाला. त्यांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, मान हलवली, मग हेड उलटवून मागची खोलगट बाजू पाहिली आणि थांबले.

"ठिपका काहून पुसला वं?"

मला तर ठिपका आठवतच नव्हता. मागच्या बाजूला एक छोटा गोल खड्डा होता, त्यात काहीतरी काळपट होतं, मी मळ समजून काढून टाकलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, चार नंबर उचलला, थुंकी लावून अंगठ्याने घासला, आणि मला दाखवला. मी ओल्या ब्रशने हळूच धुतलं. मळाखालून निळा निघाला.

तो ठिपका म्हणजे माप आहे. क्लब जमिनीवर टेकवला की दांडी जमिनीशी किती उभी राहते, त्याला लाय म्हणतात, आणि पिंगने ते रंगाने सांगायची पद्धत काढली. काळा ठिपका म्हणजे नेहमीचं माप. लाल म्हणजे त्याच्यापेक्षा आडवा. निळा, हिरवा म्हणजे जास्त उभा. कारखान्यातून निघतानाच माणसाची उंची आणि मनगट जमिनीपासून किती वर आहे हे पाहून ठिपका ठरतो. उंच माणसाचे हात वर राहतात, त्याला उभा क्लब लागतो, बुटक्याला आडवा. साहेब सहा फूट दोन इंच होते. बाबा पाच फूट तीन.

मी हे ऐकून क्लब खाली ठेवला. म्हटलं, म्हणजे तीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या मापाच्या क्लबने खेळले? ते म्हणाले, हाव, मग. जणू यात विचारण्यासारखं काही नाही. मग त्यांनी ओट्यावरच उभं राहून दाखवलं. त्यांनी क्लब टेकवला की टाच जमिनीला लागते आणि पुढचं टोक वर उचललेलं राहतं, चपलेच्या जोडाएवढी फट दिसते खालून. टोक वर असलं की फेस डावीकडे पाहतो. बॉल डावीकडे जातो. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेपणा, जितका जास्त तितका जास्त डावीकडे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी सोमवारचे सोमवार मारून मारून शोधून काढलं होतं, आणि त्यांच्याकडे त्याचा हिशोब होता. डब्लूने झेंड्याच्या उजवीकडे चार पावलं धरायची, नऊ नंबरने तीन, सातला दोन, आणि चार नंबरला सरळ झेंड्यावर. मी लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर सोमवारी गेले होते आणि मला आठवतं, ते नेहमी झेंड्याकडे न पाहता बाजूच्या कुठल्यातरी झाडाकडे पाहून मारायचे, आणि मला वाटायचं बाबांना झेंडा दिसत नसेल.

मला खरं सांगायचं तर राग आला, कोणावर ते कळलं नाही. साहेबांवर नाही, त्यांनी प्रेमाने दिला. बहुतेक त्या चार पावलांवर. मी म्हटलं, बाबा, हे हेड थोडं वाकवून मिळतं का पाहू, आणि ठिपका लाल करून टाकू. ते म्हणाले, "लाल ठिपका लावल्यानं क्लब वाकते का बा?" आणि वाकवायला हे स्टील फार कडक आहे, जुनं आहे, तुटलं तर काय. आणि मग जरा वेळाने, क्लब परत बॅगेत ठेवता ठेवता म्हणाले, आता सरळ मारायला कुठं शिकू मी. जे आहे ते लिहिलेलं राहू दे.

म्हणून निळा. पण कोणता निळा? नऊ क्लबांपैकी एकाचा मी काढूनच टाकला होता, बाकी आठांचा निळा वेगवेगळ्या रीतीने विटलेला, कुठे राखाडीकडे, कुठे हिरवटाकडे. नेलपॉलिशमध्ये तसा निळा मिळाला नाही, जे मिळाले त्यात सगळ्यात चमकी होती. शेवटी मी सीताबर्डीच्या एका पेंटच्या दुकानातून इनॅमलचा सगळ्यात छोटा डबा आणला आणि चितारओळीतून एक नंबर शून्याचा ब्रश. चितारओळीत मे महिन्यातही मूर्तींचं काम सुरू झालेलं असतं, मातीचे गणपती रांगेने बसलेले, अजून कोणालाच डोळे नाहीत. ब्रश देणाऱ्याने विचारलं काय रंगवायचं, मी सांगितलं एक ठिपका, मिरीएवढा, तर तो म्हणाला मग ब्रश कशाला, खराट्याची काडी घ्या, थेंब गोल पडतो. आणि त्याचं बरोबर होतं, ठिपक्याला काडीच लागली. ब्रश मी आकड्यांसाठी ठेवला.

इनॅमल नेलपॉलिशपेक्षा हळू वाळतं, एक रात्र तरी लागते, ते नुसतं सॉल्व्हंट उडून वाळत नाही तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, पूर्ण कडक व्हायला तर आठवडा. पण टिकतं फार. पुसायला टर्पेंटाइन. मी आकडेही मग इनॅमलनेच परत केले. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला बाबा दरवर्षी याच वासाच्या रंगाने रंगवायचे, आमच्याकडे एकच बैल होता, दरवर्षी नवा घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे त्याच्या अंगावर माझ्या वयाएवढे थर होते, शिंगाजवळ टवका उडाला की खाली मागच्या चार-पाच वर्षांचे रंग दिसायचे. डबा उघडला आणि तो वास आला तर मला काही वेळ काम सुचेना.

आकड्यांचा रंग ठरवायलाही वेळ लागला. आधी मी सगळे लाल केले होते, घरात ट्यूबलाइटखाली सुंदर दिसत होते. बाबा सोमवारी पहाटे घेऊन गेले आणि परत आले तर म्हणाले काळा काहून केला. काळा नव्हता. उजेड कमी असला की डोळ्याला लाल रंग आधी मावळतो, निळा-हिरवा उशिरापर्यंत दिसत राहतो, हे पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच पहाटेच्या फुलांकडे पाहून नोंदवलं आहे. आणि उन्हाळ्यात नागपुरात गोल्फ पहाटेच खेळायचं असतं, आठ वाजता तर घरी. पिवळा, पांढरा तर स्टीलच्या चमकेत हरवूनच गेला. शेवटी असं ठरलं की विषम नंबर काळे, सम नंबर हिरवे, डब्लू हिरवा, एस काळा. म्हणजे शेजारचे दोन कधीच एका रंगाचे नाहीत, आणि सहा-नऊचा गोंधळ तर संपलाच, एक हिरवा, एक काळा. आकडा ओळखायला चष्मा लागतो, रंग ओळखायला लागत नाही, धूसर दिसला तरी हिरवा हिरवाच असतो. बाबांना हे पटलं. त्यांनी बॅगेत हात घालून, न वाकता, सहा नंबर काढला आणि माझ्याकडे धरला, दांडीकडून, जसा साहेबाला देतात तसा.

निळा ठिपका मी सगळ्यात शेवटी दिला. विटलेल्या आठ ठिपक्यांना जुळेल असा थोडा राखाडी मिसळून केला होता. बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, याच्यापेक्षा निळा कर. मी म्हटलं जुना असाच आहे. ते म्हणाले, नाही, आकाशाकडे पाहा म्हणजे कळंल. ऑपरेशननंतर त्यांना निळा फार दिसतो. मोतीबिंदू पिवळट असतो, तो वर्षानुवर्षं निळा उजेड अडवून धरतो, ती लेन्स काढली की माणसाला अचानक निळ्याचं जग दिसायला लागतं, कितीतरी जणांना होतं हे. बाबा जानेवारीपासून आईच्या जुन्या साडीच्या गोधडीकडे बोट दाखवून सांगत होते की ही इतकी निळी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी राखाडी न मिसळता डब्यातला शुद्ध निळा दिला, नऊच्या नऊ.

आता राहिलं नाव. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सेट घरी आला त्याच्या पुढच्या वर्षी बाबांना एकदा कोर्सच्या गेटवर अडवलं. सोमवार होता, त्यांचा खेळायचा दिवस, सायकलला बॅग बांधलेली, आणि नव्या गार्डने विचारलं कोणाचा सेट आहे. माझा म्हटल्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. एक तास बसवून ठेवलं, मग आतून कोणीतरी ओळखीचं आलं तेव्हा सोडलं. त्या दिवशी बाबा न खेळता परत आले. घरी सांगितलं नाही, आईला शेजारणीकडून कळलं.

आईने दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ क्लब जुन्या चादरीत गुंडाळले आणि मला घेऊन इतवारीत गेली, भांड्याच्या दुकानात, जिथे तिने लग्नापासूनची सगळी भांडी घेतली होती. दुकानाबाहेर स्टुलावर नाव घालणारा बसायचा, हातात ती घुर्रघुर्र करणारी मशीन, अक्षरामागे पैसे. आमच्या घरात वाटीपासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव आहे, कोणाच्या घरी डबा गेला तरी परत येतो. त्या माणसाने चादर उघडल्यावर विचारलं हे काय आहे ताई. आई म्हणाली, याच्यावर नाव घाला, पूर्ण घाला, वडलांच्या नावासकट. त्याने तळाच्या पट्टीवर टाचेच्या बाजूला देवनागरीत घातलं. वेळ लागला फार, मधून मधून तो थांबून मशीनचं टोक पाहायचा आणि म्हणायचा हे भांड्याचं स्टील नाही. नव्हतंच. भांड्याचं स्टील अठरा-आठचं, मऊ, आणि या क्लबांचं सतरा-चार (हे क्रोमियम आणि निकेलचे टक्के), उष्णतेने कडक केलेलं. म्हणून अक्षरं उमटली पण वरवर, बारीक बारीक टिंबांची रेघ नुसती.

बाबा त्या संध्याकाळी किती तरी वेळ एकेक क्लब दिव्याखाली धरून वाचत होते. आईला काही म्हणाले नाहीत. पण पुढच्या सोमवारी गेले.

आणि ते अक्षर रंग धरत नाही. मी सगळं करून पाहिलं. नेलपॉलिश भरली की पुसताना पूर्ण निघून येते, इनॅमलही तसंच, खाच इतकी उथळ आहे की फडकं कितीही ताणलं तरी आत पोचतं. कोरडं पुसून पाहिलं, बोटाने पुसून पाहिलं, कागदावर घासून पाहिलं. शेवटी लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांवर लिहायची मेणाची पेन्सिल असते ती आणली, काळी. ती अक्षरावर आडवी-उभी घासायची, टिंबांमध्ये मेण जाऊन बसतं, मग वरचं जाड कोऱ्या कागदाने एकदाच पुसायचं, कसलाही सॉल्व्हंट न लावता. तीन नंबरवर नाव पूर्ण आलं. बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, सगळं, नाव घालणाऱ्याने आजोबांच्या नावात एक काना जास्त दिला होता तोही आला. तीन नंबर बाबा कधी फारसा वापरत नाहीत. चारवरही जवळजवळ पूर्ण. पाच, सहावर मधली अक्षरं पुसट. आणि सात नंबर, जो त्यांचा सगळ्यात आवडता, ज्याने ते झाडाखालूनही मारतात आणि ग्रीनच्या काठावरूनही, तो तीस वर्षं आमच्या मुरमाड जमिनीवर घासून घासून तळाशी आरशासारखा झाला आहे. तिथे मेण घासलं आणि कागदाने पुसलं तर एक वेलांटी राहिली फक्त. आणि आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा दांडा.

मी बाबांना विचारलं, इतवारीत घेऊन जाऊ का परत, आता नव्या मशीनी आहेत, लेझरने खोल करून देतात. त्यांनी सात नंबर हातात घेतला, चष्मा न लावता अंगठा फिरवला, तळावरून, टाचेकडे. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. म्हणाले, आहे तेवढं भर.

मी वेलांटी भरली, दांडा भरला. पुढच्या सोमवारी ते घेऊन गेले, पहाटे दव होतं आणि कोर्सवर नुकतंच पाणी दिलेलं, नऊ वाजता परत आले. मी आंघोळ करून बाहेर आले तर ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याच्यावर सात नंबर पालथा ठेवलेला, धुऊन पुसून, आणि बाजूला मेणाची पेन्सिल.